पाच पाती आणि दुसरा भाग

(परभणीत झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय, ‘मारधाडीच्या सिनेमाचा दुसरा भाग का फसतो?’ त्याकडं यायचंच आहे. पण सुरुवात दाढीच्या रेझरपासून करणार आहे. दोन्हीकडं बिघाड एकाच जागी होतो, आणि रेझरमध्ये तो मिलिमीटरमध्ये मोजून दाखवता येतो. एकदा रेझर कळला की सिनेमाला फार वेळ लागणार नाही.

पाच पात्यांचा नवा रेझर घेतलेल्या माणसाची तक्रार आपल्याकडं ठरलेली असते. पहिल्या दिवशी गाल गुळगुळीत. आठवडा उलटला की ‘केस ओढायलंय’. जबड्याखाली बारीक पुरळ, आणि पात्यांच्या मधल्या फटींत पांढरट गाळ, जो नळाखाली धरला तरी निघत नाही आणि मगात आपटला तरी निघत नाही. दुकानदार सांगतो, कार्ट्रिज, म्हणजे पाच पात्यांचा पुढचा सुटा तुकडा, बदला. बदललं की चार दिवस बरं, मग पुन्हा तेच. लोकांना वाटतं माल खोटा निघाला. माल खोटा नसतो. तो ज्या दाढीसाठी आणि ज्या पाण्यासाठी केलाय, ते दोन्ही आपल्या घरात नाहीत.

दाढीचा केस दिवसाला साधारण ०.३ ते ०.४ मिलिमीटर वाढतो. पाच पात्यांच्या रेझरमध्ये दोन पात्यांमधलं अंतर एक मिलिमीटरच्या आसपास असतं. रोज सकाळी दाढी करणाऱ्याचा खुंट फटीपेक्षा निम्म्याहून लहान, तो पाण्याबरोबर वाहून जातो. आता आपलं वेळापत्रक बघा. शनिवारी नाही, एकादशीला नाही, बाजाराच्या दिवशी वेळ नाही. चौथ्या दिवशी दाढीला बसलं तर खुंट १.२ ते १.६ मिलिमीटरचा झालेला असतो. म्हणजे फटीपेक्षा लांब. तो आडवा अडकतो, त्यावर साबण बसतो, त्यावर पुढचा खुंट. फट बुजली की मागची पाती केसापर्यंत पोचतच नाहीत. मग आपण जोर देतो, आणि जोर दिला की पात्यांच्या मधे कातडी फुगून वर येते आणि कापते. श्रावण पाळणाऱ्यांची तर महिन्याची दाढी एक सेंटिमीटरची होते. तिच्यावर हा रेझर लावूच नये. आधी ट्रिमर किंवा कात्रीनं एक मिलिमीटरच्या आत आणावी. दाढी राखलेले बरेच जण इथं बसलेत, त्यांनी हे मुलांना सांगावं.

जास्त पात्यांमागचा विचार चुकीचा नाही, तो आधी नीट समजून घेऊ. पहिलं पातं केस कापताना त्याला थोडा बाहेर ओढतं. केस लगेच परत आत जात नाही. तो आत जाण्याआधी दुसरं पातं येऊन त्याला आणखी खाली कापतं. म्हणून हात फिरवला तर गाल जास्त गुळगुळीत लागतो. पण केसाचं टोक कातडीच्या पातळीखाली गेलं आणि केस कुरळा किंवा राठ असला, तर वाढताना ते टोक बाहेर यायच्या ऐवजी कातडीतच घुसतं. जबड्याखालचं पुरळ ते हेच. गळ्यावर केस आडवे, तिरपे, काही जणांचे वरच्या दिशेनं वाढतात, म्हणून तिथं सगळ्यात जास्त.

आता पाणी. आपली जमीन बेसॉल्टची. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर. साबण त्यांच्याशी मिळाला की न विरघळणारा चिकट साका तयार होतो. फटीतला पांढरा गाळ म्हणजे हा साका आणि त्यात रुतलेले खुंट. फेस न होण्याचं कारणही तेच. ब्रश कितीही घुसळा, साबणाचा पहिला हिस्सा कॅल्शियमच गिळून टाकतं. उपाय साधा आहे: दाढीपुरतं एक तांब्याभर पाणी आदल्या रात्री चांगलं उकळून ठेवायचं. क्षाराचा एक भाग तळाला बसतो. सकाळी हलवायचं नाही, वरचं नितळ पाणी घ्यायचं. उकळून सगळाच जडपणा जातो असं नाही, काही क्षार उकळले तरी जात नाहीत. घरात फिल्टरचं आरओ पाणी असेल तर एक पेला तेच घ्यावं. पावसाळ्यात पत्र्यावरचं पहिलं पाणी सोडून दिल्यावर धरलेलं पाणी सगळ्यात उत्तम.

इथं एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाणार नाही. जिलेट कंपनीनं २००२ मध्ये भारतासाठी व्हेक्टर नावाचा रेझर आणला. आपल्या लोकांचे केस दाट आणि राठ, दाढी दोन-चार दिवसांनी, हे त्यांना माहीत होतं. फट तुंबते हेही माहीत होतं. म्हणून त्यात एक प्लास्टिकची सरकती पट्टी बसवली, ती दाबली की अडकलेले केस बाहेर ढकलले जावेत. बाजारात आणण्याआधी चाचणी घेतली. कोणावर? अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठात शिकणाऱ्या भारतीय मुलांवर. मुलं खूश झाली, फार सुधारणा आहे म्हणाली. भारतात आणला आणि रेझर तुंबायला लागला. कारण शोधायला माणसं इथं आली, तेव्हा दिसलं की असंख्य लोक जमिनीवर बसून, हातात छोटा आरसा धरून, एका पेल्याभर पाण्यात दाढी करतात. त्या मुलांचे केस भारतीयच होते, पण त्यांच्या बेसिनला वाहता नळ होता. सगळी चाचणी केसांची झाली, पाण्याची झालीच नाही.

आपल्याला यात नवल वाटू नये. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात नळ सोडून रेझर धुणारा माणूस लातुरात कुठून असणार? वस्तू बनवणाऱ्यानं तिथं येऊन बसायला हवं, आणि व्हेक्टर फसल्यावर जिलेटची माणसं इथं येऊन बसली. त्यातून २०१० मध्ये गार्ड नावाचा रेझर निघाला. पातं एकच. पात्यासमोर कातडी दाबून धरणारी कंगव्यासारखी पट्टी. मागं मोठी मोकळी जागा, म्हणजे पेल्यात हलवला तरी धुऊन निघतो. दांडी पोकळ आणि हलकी, टोकाला खिळ्यावर अडकवायला भोक. किंमत तेव्हा १५ रुपये, नवं पातं ५ रुपये. ज्या कंपनीनं १९७१ मध्ये दोन, १९९८ मध्ये तीन आणि २००६ मध्ये पाच पाती आणली, तिनंच इथं येऊन एकावर उतरायचं ठरवलं. माझ्या मते त्या कंपनीच्या शंभर वर्षांतल्या उत्तम कामांपैकी हे एक आहे.

मुळात सुरुवातही एकाच पात्यानं झाली होती. १९०३ मध्ये जिलेटचे अवघे ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. पुढच्या वर्षी रेझरचा आकडा ९० हजारांवर गेला. अवघड काम दांडीचं नव्हतं. कागदासारख्या पातळ पोलादी पट्टीला पाणी देऊन धार धरायला लावणं, ते अवघड होतं. आजचं दोन धारांचं पातं ०.१ मिलिमीटर जाडीचं असतं. सलूनमधले कारागीर तेच पातं कागदाच्या वेष्टनातच वाकवून मधोमध मोडतात आणि अर्धं उस्तऱ्यात बसवतात, गिऱ्हाइकागणिक नवं. त्यांच्याकडं फट नावाची गोष्टच नाही. बोटानं किंवा कापडानं पुसलं की पातं साफ.

घरी दोन धारांचा जुना रेझर वापरायचा तर तो तीन भागांत सुटतो: वरची टोपी, खालची पट्टी, दांडी. मध्ये पातं. ते बसवताना दोन्ही कडांना सारखं बाहेर दिसलं पाहिजे. एका बाजूला जास्त दिसलं तर ती बाजू चावते. टोपी घट्ट दाबून मग दांडी फिरवायची. दाढी दोन-तीन मिनिटं ओली राहू द्यायची, कारण कोरडा केस ताठ असतो आणि पाणी प्यायला की बराच मऊ होतो. अंघोळीनंतर केली तर हे काम आपोआप झालेलं असतं. टोपी गालाला टेकवायची आणि दांडी खाली आणत जायची, पातं केसाला लागल्याचा आवाज येईपर्यंत. तो कोन साधारण ३० अंशांचा असतो. दोन-तीन सेंटिमीटरचे छोटे हात मारायचे, केसाच्या दिशेनं, रेझरच्या वजनापेक्षा जास्त जोर न देता. दर दोन-तीन हातांनी पेल्यात हलवायचा. दुसऱ्यांदा फेस लावून आडवा हात. उलटा हात गळ्यावर मारूच नये. शेवटी गार पाणी आणि तुरटी. पातं चार-सहा दाढ्यांनी बदलायचं. जुनं पातं कचऱ्यात मोकळं टाकायचं नाही, झाकणाला चीर पाडलेल्या डब्यात टाकायचं. कचरा वेचणाऱ्या बाईचा हात त्यात जातो, हे प्रत्येक वेळी आठवावं.

पातं बोथट का होतं, हा प्रश्न मगाशी कुणीतरी विचारला. पोलाद केसापेक्षा सुमारे पन्नास पट कठीण. मग केस त्याला काय करणार? एमआयटीतच २०२० मध्ये हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं गेलं. धार नुसती झिजत नाही, तिचे बारीक टवके उडतात. केस वाकून तिरका लागला आणि नेमक्या त्या जागी पोलादाची घडण एकसारखी नसली, की टवका निघतो. ओला केस मऊ असतो. दोन मिनिटं थांबा म्हणतो ते कातडीसाठी आणि पात्यासाठीही.

आयोजकांची चिठ्ठी आली आहे, दहाच मिनिटं उरलीत. तर आता सिनेमा, जरा भराभर.

पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे स्थिर चित्रं, जातात. शॉट बदलला की डोळ्याला नव्या जागेकडं वळायला सेकंदाचा जवळपास पाचवा हिस्सा लागतो, म्हणजे पाच फ्रेम. शॉट दहा फ्रेमचा असेल तर अर्धा शॉट ‘बघायचं कुठं’ यातच गेला. दृश्य समजायच्या आत पुढचं येऊन बसतं. रेझरची फट बुजते ती अशीच. ‘टेकन’ मालिकेच्या तिसऱ्या भागात नायक जाळीच्या कुंपणावरून उडी मारतो. सहा सेकंदांची ती उडी चौदा-पंधरा तुकड्यांत कापलेली आहे. उडी मारली हे कळतं, दिसत मात्र नाही.

असं का करतात? पहिल्या भागात पैसा कमी असतो, नट तालीम करतो, एक मारामारी सलग दाखवतात. तो चालला की पुढच्या भागात पैसा येतो, पण नटाच्या तारखा कमी होतात, वय वाढलेलं असतं. कुंपणावरून उडी मारणाऱ्या त्या नायकानं तेव्हा साठी ओलांडली होती. अवघड काम स्टंटवाला करतो, दुसरं युनिट, म्हणजे मारामारी टिपणारी वेगळी तुकडी, अनेक कॅमेरे लावून ते टिपतं, आणि स्टंटवाल्याचा चेहरा लपवायला संकलकाला कापावंच लागतं. त्यात कॅमेरा दोन माणसांमधली अदृश्य रेघ ओलांडून पलीकडं गेला, की डावीकडून धावणारा अचानक उजवीकडून धावताना दिसतो. कोण कुठं उभा आहे हेच सुटतं, मग भीतीही वाटत नाही.

पण तुकडे जास्त म्हणजे सिनेमा वाईट, असं समजू नका. ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’, २०१५ चा, त्या मालिकेतला चौथा भाग. दोन तासांत सुमारे २,७०० तुकडे. तरी प्रत्येक गोष्ट दिसते, कारण महत्त्वाची वस्तू दर वेळी चौकटीच्या मधोमध ठेवली आहे. डोळ्याला जागा शोधावी लागत नाही. तिथं चाचणी पाण्याची झाली होती, म्हणजे बघणाऱ्याच्या डोळ्याची.

दुसरं कारण गोष्टीचं. पहिल्या भागात नायकाला जे हवं होतं ते शेवटी मिळालेलं असतं. दुसऱ्या भागात गाड्या वाढतात, खलनायक एकाचे तीन होतात, पण त्याला आता काय हवंय हे कुणी ठरवलेलं नसतं. ‘टर्मिनेटर’नं १९९१ मध्ये हे ठरवलं. १९८४ च्या पहिल्या भागात मारायला आलेलं यंत्र दुसऱ्या भागात मुलाला वाचवायला आणलं, आणि त्यामुळं प्रत्येक मारामारीचा अर्थ बदलला. संख्या नंतर आली.

घरी एक करून बघा. दुसऱ्या भागातली कुठलीही मारामारी आवाज बंद करून लावा. धाड, काच, ढोल हे सगळं गेल्यावर दहा सेकंदांनी थांबवा आणि सांगा: दार कुठं आहे, नायक कुठं, हत्यार कुणाच्या हातात. तिन्ही सांगता आली तर पुढं बघा.