गुळव्याची गोळी

(दृश्य : पहाट. चुलवाणाच्या, म्हणजे गुऱ्हाळाच्या मोठ्या चुलीच्या, तोंडातून बाहेर येणारा जाळ. वर काहील, रस आटवायची पसरट कढई. तिच्यावर वाफ.)

दिवाळी सरली, की पंचगंगेच्या खोऱ्यात गुऱ्हाळं पेटतात. कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या नावाला साजेशी ढेप उतरणार की नाही, हे मात्र प्रत्येक आधणाच्या, म्हणजे काहीलभर रसाच्या एका शिजवणीच्या, शेवटच्या दोन मिनिटांत ठरतं. ती दोन मिनिटं गुळव्याची, गूळ शिजवणाऱ्या कारागिराची.

कोल्हापुरात ऊस आणि गूळ संशोधन केंद्र आहे. तिथली मापं उपयोगाची आहेत, ती माहीत असायलाच हवीत. पण हात बसतो तो काहिलीशेजारी. दिवसाला चार आधणं धरली, तर चार महिन्यांच्या हंगामात साडेचारशेच्या वर होतात. एवढ्या वेळा पाक डोळ्यांसमोर बदलताना दिसतो, तेव्हा कुठे नजर तयार व्हायला लागते.

(दृश्य : घाणा. उसाची मोळी सुटते.)

नवा गडी आधी घाण्यावर. इथे तो ऊस ओळखायला शिकतो. शेंड्याकडची कोवळी कांडी छाटली आहेत का? तोड कालची की तीन दिवसांची? ऊस तोडून पडून राहिला, की त्यातली साखर फुटते, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज वाढतात. अशा उसाचा गूळ कितीही जपून शिजवला तरी मऊच राहतो आणि पावसाळ्यात पाझरतो.

मग जाळ. चिपाडं उन्हात कडकडीत वाळलेली हवीत. ओलसर असली तर धूर होतो, आधण रेंगाळतं, आणि रस जितका जास्त वेळ शिजेल तितका रंग काळवंडतो.

(दृश्य : काहील वरून. रसावर मळीचा जाड थर.)

एका काहिलीत हजार-बाराशे लिटर रस. त्यासाठी पावणेदोन टनांच्या आसपास ऊस लागतो. रस तापायला लागला, की ठेचून पाण्यात भिजवलेल्या रानभेंडीचा चिकट गाळ त्यात सोडतात. हा चिकटा रसातली घाण धरून वर आणतो, तीच मळी. सोबत चुन्याची निवळी, म्हणजे चुन्याचं वरचं स्वच्छ पाणी. रस मुळात आंबट, सामू (pH) सव्वापाचच्या आसपास. तो सहाच्या थोडा वर न्यायचा. निवळी कमी पडली तर गूळ घट्ट धरत नाही, जास्त झाली तर काळपट होतो. सामू मोजायचा कागद हाताशी असला तरी जुना माणूस रसाचा बदलता रंग आणि मळी कशी फुटते ते बघूनच हात आवरतो.

मळी काढेपर्यंत जाळ मंद. नवशिक्याची चूक बहुतेक वेळा इथेच होते. घाईने जाळ वाढवला आणि रसाला उकळी फुटली, तर वर आलेली मळी पुन्हा रसात मिसळते. मग ती कोणाच्या बापाला निघत नाही. मळी निघाली, की मात्र जाळ मोठा. फेस काठाशी चढला, तर चमचाभर गोडंतेल टाकलं की खाली बसतो.

रस आटत 105 अंशांच्या पुढे गेला, की ती काकवी, म्हणजे पातळ गूळ. गूळ 118 अंशांच्या आसपास. मग तापमापी लावून काम का भागत नाही? कारण प्रत्येक रस वेगळा. खारवट जमिनीतला, नत्र जास्त झालेला, पडलेल्या उसाचा, खोडव्याचा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या पिकाचा). एकाला 117 पुरतात, दुसरा 119 ला गेल्याशिवाय घट्ट होत नाही.

(दृश्य, अगदी जवळून : फावड्याच्या पात्यावरून ओघळणारा पाक.)

पात्यावरून आधी थेंब गळतात. मग तार. मग दोन धारा एकमेकींना मिळतात आणि पडद्यासारखा पाक पात्याच्या कडेला लोंबतो. आता परातीतल्या गार पाण्यात थोडा पाक. बोटं लगेच त्यात. गोळी वळली, पण दाबल्यावर पसरली : अजून थांबायचं. दुसरी गोळी वळली, आकार धरून राहिली. ती काहिलीच्या काठावर आपटली. टण्ण.

“जाळ ओढा!”

हा आवाजही थोडा आधीच द्यावा लागतो. चुलवाण तापलेलं, काहील तापलेली. ती उचलून वाफ्यात, म्हणजे पाक निववायच्या उथळ हौदात, ओतेपर्यंत पाक आतल्या आत शिजतच राहतो. गोळी पूर्ण कडक झाल्यावर जाळ ओढला, तर वाफ्यात पडतो तो करपलेला गूळ. हा अंदाज कुठल्या तक्त्यात मांडता येत नाही, कारण तो त्या चुलवाणाचा आणि काहील उचलणाऱ्या गड्यांचाही असतो.

(दृश्य : वाफा. दोन गडी गूळ घोटताहेत.)

वाफ्यात पाक निवू द्यायचा आणि मोजकंच घोटायचं. घोटण्यानं दाणा धरतो. फार घोटलं तर दाणा बारीक पडतो आणि साच्यात भरायच्या आत गूळ वाफ्यातच थिजतो. साच्यांना ओलं फडकं लावलेलं. रस चांगला असेल तर हजार लिटरमागे दोनशे किलोच्या आसपास गूळ उतरतो.

पिवळाधमक रंग आणण्यासाठी काही ठिकाणी हायड्रॉस हे रंग उजळवणारं रसायन टाकतात. तो रंग टिकत नाही, ठेवला की उतरतो. स्वच्छ मळी काढलेल्या गुळाला त्याची गरज पडत नाही. थोडा तांबूस दिसला तरी तोच घ्यावा.

(दृश्य : रिकामी काहील पुन्हा चुलवाणावर. रसाची धार.)

काहील रिकामी ठेवून चालत नाही, तळाला चिकटलेला गूळ जळतो. लगेच नवा रस. हा दुसऱ्या शेताचा, खोडव्याचा. गुळव्या थोडा तळहातावर घेऊन चाखतो आणि निवळीच्या भांड्यातून अर्धा तांब्या परत काढून ठेवतो.