रेघ ओढलेली नावं

(पडद्यावर: लाइव्हजर्नलचं जुनं पान, सदस्यांची यादी)

मे २००७ संपत आलाय. लाइव्हजर्नल या ब्लॉग लिहायच्या साइटवर मैत्रिणींची यादी उघडावी, तर कितीतरी नावांवर आडवी रेघ. खातं निलंबित झालं की नावावर काट मारायची, ही त्या साइटची पद्धत. एका झटक्यात पाचशेच्या आसपास खाती गेली. फॅनडममधले, म्हणजे आवडत्या पुस्तकांच्या आणि मालिकांच्या पात्रांवर स्वतः कथा लिहिणाऱ्या चाहत्यांच्या जगातले, जुने लोक या प्रकाराला आजही ‘स्ट्राइकथ्रू’ म्हणतात.

झालं होतं असं, की मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्ध मोहीम चालवणाऱ्या एका गटाने तक्रार केली. लाइव्हजर्नल चालवणाऱ्या कंपनीने मजकूर वाचायची तसदी घेतली नाही. प्रोफाइलवरची आवडींची यादी पाहिली. त्यात नको तो शब्द दिसला, की खातं बंद. यात हॅरी पॉटरच्या पात्रांवर कथा लिहिणारे सापडले, अत्याचार सोसलेल्यांचे आधारगट सापडले, आणि नाबोकोव्हच्या ‘लोलिता’ या कादंबरीवर स्पॅनिशमध्ये चर्चा करणारी मंडळीही. कंपनीने माफी मागितली, बरीच खाती परत आली. ऑगस्टमध्ये पुन्हा तेच. फरक एवढाच, की या वेळी गेलेली नावं ठळक अक्षरांत दिसत होती!

खरं तर लोक आधीच तापलेले होते. फॅनलिब नावाची कंपनी चाहत्यांच्या कथांवर जाहिराती लावून कमाई करायला निघाली होती. कथा फुकटात हव्या, कॉपीराइटचं लचांड मात्र लिहिणारीच्या गळ्यात. मे महिन्यातच एका लेखिकेने टोपणनावाने लिहिलं होतं: आपल्या कथांचा संग्रह आपणच उभारू, जाहिराती नकोत, मालकी चाहत्यांची. स्ट्राइकथ्रूनंतर हे सगळ्यांनाच पटलं. भाडेकरूने भिंती कितीही सजवल्या, तरी किल्ली घरमालकाकडेच असते.

त्याच वर्षी ‘ऑर्गनायझेशन फॉर ट्रान्सफॉर्मेटिव्ह वर्क्स’ ही ना-नफा संस्था उभी राहिली. कादंबरीकार नेओमी नोविक, इंग्रजीच्या प्राध्यापिका फ्रान्सिस्का कोपा, कायद्याच्या प्राध्यापिका रिबेका टशनेट यांत होत्या. कथासंग्रहाची साइट बांधायला मुख्यतः बायकाच पुढे आल्या, आणि त्यातल्या कित्येक जणी कोडिंग शिकल्या त्या याच कामासाठी. नोव्हेंबर २००९ मध्ये ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ सर्वांसाठी खुलं झालं. चाहत्यांच्या तोंडी ‘एओथ्री’.

(पडद्यावर: टॅगची लांबच लांब यादी)

त्याची खरी गंमत टॅगमध्ये, म्हणजे कथेला लावायच्या ओळखचिठ्ठ्यांमध्ये आहे. लिहिणारीने हवा तो टॅग लावावा, अगदी वाक्यच्या वाक्य लिहिलं तरी चालेल. शेरलॉक आणि वॉटसन यांची प्रेमकथा असेल, तर कुणी दोघांची पूर्ण नावं लिहितं, कुणी जॉन वॉटसन आणि शेरलॉक मिळून नुसतं ‘जॉनलॉक’. पडद्यामागे बसलेले स्वयंसेवक, ज्यांना तिथे ‘टॅग रँग्लर’ म्हणतात, हे सगळे टॅग हाताने एकमेकांना जोडतात. त्यामुळे एक शोधलं की सगळं सापडतं. आणि हे काम ते करतात दमडीही न घेता, वर्षानुवर्षं. मोठमोठ्या कंपन्यांच्या साइटवर शोधताना जीव मेटाकुटीला येतो. इथे हवी ती कथा दोन क्लिकमध्ये हजर.

खर्च देणग्यांवर चालतो. सर्व्हरही त्याच पैशांतून घेतलेले, संस्थेच्या मालकीचे. डिसेंबर २०१८ मध्ये टम्बलर या ब्लॉगच्या साइटने प्रौढांसाठीच्या मजकुरावर बंदी घातली, तेव्हा चाहत्यांची चित्रं, पानं पुन्हा एकदा उडाली. एओथ्रीवरच्या कथा होत्या तिथेच राहिल्या. आज तिथे १ कोटीहून जास्त कलाकृती आहेत.

(पडद्यावर: डब्लिन, २०१९)

विज्ञानकथांच्या जगातला मानाचा ह्यूगो पुरस्कार त्या वर्षी अख्ख्या एओथ्रीला मिळाला. व्यासपीठावरून नोविक म्हणाल्या, या संग्रहाशी ज्यांचं नातं आहे त्यांनी उभं राहावं. आणि सभागृहात ठिकठिकाणी लोक उभे राहिले. मग काय, टोपणनावाने एखादी कथा टाकलेले लोकही स्वतःला ह्यूगो-विजेते म्हणवू लागले. कुणी तसे बिल्ले काढले. पुरस्कार देणाऱ्या संस्थेने हरकत घेतली: नाव आमचं ट्रेडमार्क आहे, असं वापरता येणार नाही. त्यावर जे रामायण झालं, ते काही आठवडे पुरलं.