क्योनिगश्टाइनची विहीर

नमस्कार मंडळी!

शिवजयंतीला बोलायचं म्हणजे विषय किल्ल्यांचाच. पण रायगड-राजगडावर माझ्यापेक्षा अधिकाराने बोलतील असे काका-काकू समोर बसलेत. म्हणून मी सांगणार आहे ड्रेस्डेनजवळच्या क्योनिगश्टाइनबद्दल. तिथे शिकायला आल्यावर मी चढलेला हा पहिला किल्ला.

एस-बान, म्हणजे इथली लोकल ट्रेन, एल्ब नदीच्या काठाकाठाने जाते. क्योनिगश्टाइन गावात उतरायचं आणि चढायला लागायचं. नदीपासून 240 मीटर उंची, माथा सपाट, साडेनऊ हेक्टरचा, आणि भोवती वालुकाश्माचे ताशीव कडे. आपल्या माणसाची नजर आधी वाट कुठून आहे ते शोधते, तशी माझीही शोधू लागली.

बरोबरच्या जर्मन मुलांना विचारलं, लढाई कुठल्या बुरुजावर झाली? कुठल्याच नाही, म्हणाले. हा किल्ला कधी कुणी लढून घेतलाच नाही. संकट आलं की सॅक्सनीचे राजे खजिना इथे आणून ठेवत, एरवी किल्ल्याचा तुरुंग असे. खरं सांगते, थोडा हिरमोड झाला. लढाई नाही, मग बघायचं काय?

विहीर! साडेबावन्न नव्हे, एकशे साडेबावन्न मीटर खोल. वरून दगड सोडला तर तळ गाठायला साडेपाच सेकंदांहून जास्त लागतील, हा हिशोब मी काठावर उभं राहूनच केला. 1563 ते 1569, सहा वर्षं खोदकाम चाललं, तेही फ्रायबर्गच्या खाणकामगारांच्या हातून.

आपल्या गडांवर कातळात खोदलेली टाकी असतात. बेसॉल्ट अभंग असला की पावसाचं पाणी त्यात टिकतं. वालुकाश्मातून पाणी झिरपून जातं. त्यामुळे इथे त्या पाण्याच्या मागे खाली खाली जावं लागलं. शिबंदी किती दिवस तग धरणार हे तोफांपेक्षा पाण्यावर ठरायचं. मी सिंहगडावर कितीदा गेले, देवटाक्याचं पाणीही प्यायले, पण ते टाकं तिथेच का, हे कधी मनातही आलं नव्हतं.

आता आपल्याला आवडतील अशा दोन गोष्टी. 1848 मध्ये सेबास्टियन अब्राट्स्की नावाचा अठरा वर्षांचा पोरगा, धंद्याने धुराडी साफ करणारा, कड्याच्या एका भेगेतून हातपाय रोवत थेट वर पोहोचला. वर अर्थातच पकडला गेला. पण भेगेला त्याचं नाव पडलं ते कायमचं. दुसरी 1942 ची. युद्धकैदी असलेले फ्रेंच जनरल जिरो दोरावरून खाली उतरून निसटले, वय वर्षं 63! आपली हिरकणी लेकरासाठी उतरली, म्हणून ती गोष्ट आपण आजीच्या तोंडून ऐकतो. जिरोंची मात्र माहितीफलकावर वाचावी लागते.

आता मुद्द्याचं. मंडळाची उन्हाळी सहल तिकडे न्यावी असं मला वाटतं. डॉइचलँड-तिकीट, म्हणजे जर्मनीभरच्या लोकल वाहतुकीचा मासिक पास, एस-बानला चालतं, किल्ल्याचं तिकीट वेगळं काढावं लागेल. गुडघ्यांची तक्रार असलेल्यांसाठी वर जायला लिफ्ट आहे. नावं सचिवांकडे द्या, आणि डबे आणा. जिरोंच्या वयाच्यांना मात्र लिफ्टची सक्ती राहील, दोर मिळणार नाही.