पैरा

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या करवीर तालुक्यात भांगलणीच्या, म्हणजे पिकातलं तण काढायच्या दिवसांत सकाळी गल्लीत एकच चौकशी चालते, "आज कुणाच्यात पैरा हाय?" आज चौघी आमच्या रानात, उद्या आमच्या घरची बाई त्यांच्या रानात. पैसा हातात पडत नाही, पण हिशेब पक्का. आमच्या आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं, तरी कुणाचे किती पैरे फेडायचे राहिलेत हे तिला तोंडपाठ. जो पैरा फेडत नाही, त्याच्या बांधाकडे पुढच्या वर्षी कुणी फिरकत नाही. कर्जबुडव्याला एवढी कडक शिक्षा बँकेलाही जमणार नाही.

शेतीची संस्कृती म्हटलं की आपल्याला बेंदराचे बैल आणि जोतिबाच्या सासनकाठ्या आठवतात. ते खरंच आहे. पण मला विचाराल तर या कोल्हापूर जिल्ह्यातला पैसा उभा राहिला तो पैरा फेडायच्या सवयीवर. दहा-वीस जणांनी मिळून नदीवर इंजिन बसवायचं, पाण्याच्या पाळ्या लावायच्या. मग दूध संस्था, मग साखर कारखाना. सहकार हे त्याचं कागदावरचं नाव. नोंदणी नंतर झाली, सवय आधीची.

अर्थात नुसत्या सवयीनं उसाला पाणी मिळत नाही. शाहू महाराजांनी 1895 साली शाहूपुरी पेठ वसवली, ती गुळाच्या व्यापारासाठी. पुढे राधानगरीला भोगावतीवर धरणाचं काम काढलं. ते पुरं व्हायला मात्र स्वातंत्र्य उजाडावं लागलं. पावसाळा सरला की बरगे, म्हणजे फळ्या, घालून पाणी अडवायचा जो बंधारा, त्याला तर राज्यभर कोल्हापूरचंच नाव आहे. पाणी आलं तसा ऊस वाढला. चरकाला आणि पंपाला ऑइल इंजिनं लागली. ती दुरुस्त करता करता उद्यमनगरातले मिस्त्री स्वतःच इंजिनं बनवायला लागले. आज इथल्या फौंड्रीत मोटारींचे सुटे भाग ओतले जातात, त्याचा माग काढत गेलात तर गुऱ्हाळाच्या चुलवाणापाशी येऊन पोचाल.

आणि गुऱ्हाळावर गेलातच, तर गुळव्याकडे बघा. काहिलीत रस उकळत असताना तो भेंडीचं पाणी घालतो, वर आलेली मळी काढतो. पाक झाला का, हे थंड पाण्यात थेंब टाकून बोटांनी चाचपतो. गोळी टणक लागली की "उतरा!" एवढंच ओरडतो. जरा उशीर झाला तर रव्याचा, म्हणजे गुळाच्या ढेपेचा, रंग गेला, सौद्यात भाव पडला. कोल्हापुरी गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं. बोटांचं हे कसब शिकायला मात्र गुळव्याची स्वतःची पोरंसुद्धा तयार नसतात.

घरातला पैसा दोन वाटांनी येतो. उसाचं बिल येतं ते एकदम, त्यातून सोसायटीचं कर्ज, पोरीचं लग्न. दुधाचं बिल दर दहा दिवसांनी, त्यावर चूल चालते. त्याचा हिशेब बहुतेक घरांत बाईच्या हातात.

इथवर सगळं गोड वाटतं. पण ऊस तोडतं कोण? बीडकडच्या टोळ्या. देशात काम करणाऱ्या शंभरातली पंचेचाळीसेक माणसं शेतीत, आणि देशाच्या उत्पन्नात शेतीचा वाटा अठरा टक्क्यांच्या आसपास. हे गणित बीडच्या कोरडवाहू रानात कसं दिसतं, ते दिवाळीनंतर आपल्या फडात कळतं. मुकादमाची उचल घेऊन नवरा-बायको येतात. मुकादमाच्या हिशेबात दोघं मिळून एक कोयता. बाईची वेगळी मोजणीच नाही. तिला आपण कधी पैऱ्यात धरलं नाही.

गेल्या हंगामात अशीच एक बाई आमच्या दारात आली. डोक्यावर वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंड्या, मागं पदर धरून लेकरू. आमच्या आईनं आयुष्यात पैऱ्याला कधी हूं की चूं केलं नाही. ती त्या दिवशी पाच रुपयांसाठी घासाघीस करत राहिली. शेवटी आईनं आपल्याच दरानं पेंड्या उतरवून घेतल्या. मी ओसरीवर बसून ऐकत होतो, बोललो काहीच नाही. म्हशीनं वाढं खाल्लं, आणि संध्याकाळी नेहमीसारखं मी डेअरीत दूध घालून आलो.

नमस्कार.