व्होल्टाचं पाणी, कैसरचा दर

(दृश्य: पश्चिम आफ्रिकेतल्या घानामधलं पहाटेचं व्होल्टा सरोवर. पाण्याबाहेर डोकावणारी वाळकी खोडं.)

इथला होडीवाला पाण्यापेक्षा खोडांवर जास्त नजर ठेवतो. १९६४ पासून अकोसोम्बो धरणाने अडवलेलं पाणी चढत गेलं आणि अख्खं जंगल उभ्या उभ्या बुडालं. आजही या खोडांवर होड्या आपटतात, माणसं जातात.

घाना १९५७ मध्ये स्वतंत्र झाला. देशाचे पहिले पंतप्रधान एन्क्रुमा यांना कारखानदार देश उभा करायचा होता; त्यासाठी वीज हवी, म्हणून व्होल्टा नदीवर हे अकोसोम्बोचं धरण. बांधलं इटलीच्या इम्प्रेजिलो कंपनीने. निम्मा पैसा घानाचा, बाकीचं कर्ज जागतिक बँक, अमेरिका आणि ब्रिटनचं. पण धनकोंना विजेचं हमखास गिऱ्हाईक हवं होतं. ते मिळालं अमेरिकेत: कैसर अ‍ॅल्युमिनियम ही कंपनी.

आता सौदा बघा. टेमा बंदराजवळच्या अ‍ॅल्युमिनियम कारखान्यात कैसरचा वाटा ९० टक्के, रेनॉल्ड्स या दुसऱ्या अमेरिकन कंपनीचा १०. विजेचा दर युनिटला जेमतेम पाव अमेरिकन सेंट. पहिली कित्येक वर्षं निम्म्याहून जास्त वीज या एका कारखान्याने खाल्ली. बरं, घानात अवासोला बॉक्साइटची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या खनिजाची, खाण आहे. तरी कारखान्यासाठी अ‍ॅल्युमिना (बॉक्साइटपासून काढलेली भुकटी, जिच्यापासून अ‍ॅल्युमिनियम बनतं) यायची बोटीने, परदेशातून. आणि अवासोचं बॉक्साइट बोटीनेच परदेशी जायचं!

एन्क्रुमांनी २२ जानेवारी १९६६ रोजी धरणाचं उद्घाटन केलं. जेमतेम महिन्याभराने लष्कराने त्यांना पदच्युत केलं. करार मात्र टिकला. दर भरघोस वाढवून घ्यायला १९८५ उजाडलं.

(दृश्य: पुनर्वसन वसाहतीतलं जुनं घर.)

सुमारे ८०,००० माणसं उठली. नव्या वसाहतीत घर म्हणजे एक खोली बांधलेली; बाकीच्या खोल्यांचा नुसता पाया, पुढचं ज्याचं त्याने बघायचं. यातल्या अनेक वसाहती कित्येक वर्षं अंधारातच होत्या. धरण उशाला, कोरड घशाला म्हणतात ना, तसंच. फक्त इथे कोरड विजेची.

धरणाखाली टोंगू भागातल्या बायका नदीत बुड्या मारून शिंपल्या काढायच्या, आपल्या कोकणातल्या तिसऱ्यांसारख्या. स्वतःचा धंदा, हातात स्वतःचा पैसा. धरणाने दरवर्षीचा पूर अडवला, नदीची चाल बदलली आणि शिंपल्या आटल्या.

(दृश्य: मेपे गाव, २०२३.)

सप्टेंबर २०२३ मध्ये सरोवर भरत आलं आणि दारं उघडावी लागली. त्याच टोंगू भागात मेपे आणि आसपासची गावं पाण्यात गेली. लोकांनी शाळांच्या वर्गांत संसार मांडले.