पुडीतली ब्राह्मी कोणती?

(पडद्यावर: पांढरा वाडगा, कोमट पाणी. त्यात वाळक्या पाल्याचा चुरा पडतो.)

ब्राह्मी घेतली की म्हातारपणी स्मृतिभ्रंश, म्हणजे आठवण आणि समज हरवत जाणं, टळतं, असं जाहिराती सांगतात. म्हणून काष्ठौषधींच्या दुकानातून शंभर ग्रॅम ब्राह्मी आणली. दुकानदाराला विचारलं, "यातली कुठली? चिखलातली बारीक पानाची, की गोल पानाची?" पुडीला दोरा गुंडाळत तो म्हणाला, "ब्राह्मी ती ब्राह्मी."

घरी येऊन चिमूटभर भिजत घातली. दहाएक मिनिटांनी चुऱ्यातलं एक अख्खं पान उलगडलं. गोलसर, देठाशी खाच, कडा कातरलेली.

ही मंडूकपर्णी. कोकणात हिला कारिवणा म्हणतात, गोव्यात एकपानी. न्हाणीच्या सांडपाण्यावर, अळवाच्या सावलीत पसरते. दुसरी ती नीरब्राह्मी. तळ्याकाठच्या चिखलात सरपटणारी. पानं इवलीशी, जाड, समोरासमोर. फूल पांढरट, किंचित जांभळी झाक असलेलं. दोघींचं कूळही एक नाही. पण बाजारात दोघींनाही ब्राह्मीच म्हणतात. केरळातला वैद्य ब्राह्मी म्हणतो तेव्हा त्याला नीरब्राह्मी हवी असते. आपल्याकडे बऱ्याचदा कारिवणाच हातात पडतो.

(पडद्यावर: पोथीचं पान.)

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात बुद्धीला बळ देणारी चार मेध्य रसायनं सांगितली आहेत. मंडूकपर्णीचा स्वरस, दुधातून ज्येष्ठमधाचं चूर्ण, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क, म्हणजे वाटून केलेला गोळा. या चौघांत ब्राह्मी नाही! ती पुढे भेटते, उन्माद (वेड) आणि अपस्मार (फेफरं) यांवरच्या तुपात. आणि मेधा वाढवणं वेगळं, म्हातारपणी झिजणारा मेंदू वाचवणं वेगळं. जाहिराती हे अंतर एका उडीत ओलांडतात.

ती झीज काय असते? १९०६ साली जर्मनीत अलॉइस अल्झायमर यांनी एका मृत रुग्ण स्त्रीच्या मेंदूबद्दल सांगितलं. पेशींच्या बाहेर साठलेल्या गुठळ्या, पेशींच्या आत धाग्यांचा गुंता. आज आपल्याला ठाऊक आहे, की घरच्यांना विसराळूपणा जाणवतो तेव्हा ही पडझड सुरू होऊन बरीच वर्षं लोटलेली असतात.

लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत १९६० च्या दशकात नीरब्राह्मीतून बॅकोसाइड नावाची द्रव्यं वेगळी काढली गेली. पुढे उंदरांवर प्रयोग झाले. नीरब्राह्मीच्या अर्कानं त्यांच्या मेंदूतल्या पेशींची हानी कमी झालेली दिसली. उमेद वाटावी असंच ते होतं. पण उंदीर तो उंदीर.

माणसांवरचं एक काम २००८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालं. पासष्टी ओलांडलेले, स्मृतिभ्रंश नसलेले ५४ जण. काहींना रोज ३०० मिलिग्रॅम अर्क, बाकीच्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. बारा आठवड्यांनी अर्क घेणाऱ्यांना ऐकलेले शब्द थोड्या वेळानं जरा जास्त आठवले. काहींचं पोटही बिघडलं. आणि हो, तो अर्क नीरब्राह्मीचा होता. आमच्या वाडग्यातलं पान त्यात नव्हतंच.

बारा आठवडे शब्द आठवले म्हणून दहा वर्षांनी स्मृतिभ्रंश टळेल का? याच प्रश्नावर गिंको आपटला. चीनमधल्या या झाडाच्या पानांचा अर्क स्मरणशक्तीसाठी जगभर खपतो. अमेरिकेत पंचाहत्तरी गाठलेल्या ३,०६९ लोकांवर त्याची पारख झाली, सरासरी सहा वर्षं. स्मृतिभ्रंश झाला गिंकोवाल्यांपैकी २७७ जणांना, बिनऔषधाच्या गोळीवाल्यांपैकी २४६ जणांना. म्हणजे गिंकोनं काही अडवलं नाही. ब्राह्मीची एवढी मोठी, एवढी लांब परीक्षा अजून कुणी घेतलेली नाही.

आजीच्या डोक्यावर ब्राह्मीचं तेल थापायला कुणाची हरकत असणार? पोटात घ्यायचा अर्क मात्र तिच्या डॉक्टरांना सांगूनच सुरू करावा. स्मृतिभ्रंशाची किंवा थायरॉइडची गोळी चालू असेल तर नक्कीच. अन् चालू गोळी परस्पर बंद करायची नाही.

(पडद्यावर: औषधाच्या डबीचं लेबल, जवळून.)

डबी घेतलीत तर लेबलावरची बारीक अक्षरं वाचा. बॅकोपा लिहिलं असेल तर नीरब्राह्मी. सेंटेला असेल तर कारिवणा.

(पडद्यावर: दुकानातली पुडी.)

पुडीवर फक्त वजन होतं, आणि पेन्सिलीनं लिहिलेला भाव.