टाच पायडलवर, पाय सरळ

श्रोतेहो, नमस्कार.

आज ३ जून, जागतिक सायकल दिन. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं २०१८ साली हा दिवस ठरवला. पण आपल्या कोल्हापूरला सायकल काही नवी नाही. माझ्या लहानपणी पेठेत तासाच्या भाड्यानं सायकल मिळायची. ती मोठ्या माणसांची, उंच. मग नळीच्या मधून पाय घालायचा आणि अर्धी पायंडल मारत शिकायचं. ऐकणाऱ्यांपैकी कितीतरी जणांच्या गुडघ्यावर त्या शिकण्याचा वण अजून असेल. पुढे नोकरी लागली, गाडी आली आणि सायकल जिन्याखाली गेली.

ती जिन्याखालची सायकल बाहेर काढा, एवढंच मी आज सांगायला आले आहे. शर्यतीसाठी नको आणि विक्रमासाठीही नको. सकाळी तासभर, मजेत. आणि ती बाहेर काढलीत की पहिलं काम कोणतं? तेल नंतर, हवा नंतर, पहिल्यांदा सीटची उंची बघा. सीटवर बसायचं, टाच पायडलवर ठेवायची आणि पायडल अगदी खाली न्यायचं. पाय सरळ झाला पाहिजे. पुन्हा सांगते. टाच पायडलवर, पाय सरळ.

हे मला कुणी शिकवलं, ते आता सांगते.

गोष्ट २०१५ च्या नोव्हेंबरातली. मी तेव्हा शाळेत भूगोल शिकवत होते, वय बावन्न. गुडघा दुखायचा. डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा, सायकल चालवून बघा, सायकलवर शरीराचा भार सीट घेते. मुलगा शिकायला पुण्याला गेलेला, त्याची गिअरची सायकल घरात उभी होती. मी ती घेतली आणि सीट पार खाली बसवली, का तर बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. पडायची भीती होती. महिनाभर रंकाळ्याला फेऱ्या मारल्या आणि एका रविवारी ठरवलं, पन्हाळ्याला जायचं. आपल्या इथून वीसेक किलोमीटर.

साडेपाचला निघाले. पंचगंगेवर धुकं होतं, शिवाजी पुलावरून पाणी दिसत नव्हतं, नुसता गारवा अंगाला लागत होता. वडणग्याचा फाटा मागे पडला. हंगाम सुरू झालेला, त्यामुळे उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत समोरून येत होते. एके ठिकाणी गुऱ्हाळ पेटलं होतं आणि काहिलीतल्या रसाचा वास रस्त्यावर पसरला होता. हा वास मोटारीत बसून काचेआडून कधी येत नाही. गुळाचं निघालंच आहे तर सांगून टाकते. दुकानात पिवळाधमक, देखणा गूळ दिसला की हुरळून जाऊ नका. तांबूस, काळपट ढेप मागा. आपल्या जिल्ह्याचा गूळ देशात नावाजलेला आणि आपणच रंगाला भुलतो, याचं मला वाईट वाटतं.

असो. केर्ली गाव आलं आणि गुडघा बोलायला लागला. वाटीच्या वरच्या बाजूला, पुढून, सुई टोचल्यासारखा. थोडी पुढे गेले तर पाय फिरेना. रस्त्याकडेला पत्र्याचं एक पंक्चरचं दुकान होतं. बाहेर पाण्याचं घमेलं, टायर टांगलेले आणि पोत्यावर बसलेले एक म्हातारे मामा, डोक्याला मफलर. मी म्हटलं, "मामा, चाक जाम झालंय बघा. ब्रेक घासतोय वाटतं."

मामांनी मागचं चाक उचललं आणि हातानं फिरवलं. चाक फिरत राहिलं, किती वेळ फिरत राहिलं. पुढचं फिरवलं, तेही तसंच. ते चाकाकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते.

"चाकाला काय झालं न्हाई," ते म्हणाले. "कुटनं आला?"

"कोल्हापुरातनं."

"काय करता?"

"शाळेत शिकवते."

"मग बाई, बसा सायकलीवर. मी धरतो."

त्यांनी हँडल धरलं, मी बसले. "आता टाच ठेवा पायंडलावर. फिरवा खाली." मी खाली नेलं. गुडघा चांगला वाकलेलाच राहिला. मामा म्हणाले, "बघा. सगळ्यात खाली हाय तरी पाय मोकळा झाला न्हाई. उकिडवं बसून जिना चढल्यागत चाललंय तुमचं. गुडघा काय म्हणंल?"

श्रोतेहो, ते वाक्य माझ्या कायमचं लक्षात राहिलं. उकिडवं बसून जिना चढणं! इतक्या नेमक्या शब्दांत मला कुणीच सांगितलं नव्हतं.

मामांनी पाना घेतला, सीट ढिली केली, चार बोटं वर ओढली, पुन्हा टाच ठेवायला लावली. अजून एक बोट. पाय सरळ झाला. मग म्हणाले, "आता टाच काढा, चवडा ठेवा. चालवताना चवडाच. टाच निस्ती मापाला."

मी म्हटलं, "मामा, पण आता पाय जमिनीला टेकत नाहीत." खरोखर भीती वाटत होती. त्यांनी दुकानामागचं अंगण दाखवलं, शेणानं सारवलेलं खळंच होतं ते. "थांबायचं झालं की सीटवरनं पुढं या, पायंडलावर उभं राहा, मग पाय टेका. बसून टेकायचं न्हाईच." दहा फेऱ्या मारायला लावल्या. प्रत्येक फेरीला थांबायचं, पुढे यायचं, पाय टेकायचा. तिसऱ्या-चौथ्या फेरीला अंगवळणी पडलं. मामांची नात पायरीवर बसून मोजत होती, तिनं एकही फेरी माफ केली नाही.

मी विचारलं, हे सगळं तुम्ही कुठे शिकलात? तर म्हणाले, "तीस वर्सं दूध घातलं कोल्हापुरात. मागं दोन किटल्या, पुढं एक. सीट दोन बोटं खाली आसली तर सांजच्याला चुलीपुढं गुडगं शेकत बसायला लागायचं." तीस वर्षं रोज जाऊन-येऊन केलेला हिशेब होता तो. गंगावेशीच्या कट्ट्यावर आपण पेल्यात फेसाळ दूध पितो ना, तिथे पहाटे पोचणाऱ्या माणसांचे पाय कसे चालत असतील, हा विचार मी त्याआधी कधी केला नव्हता.

निघताना त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. "चढ दिसला की गिअर हलका करा. चढ लागल्यावर न्हाई. लागल्यावर केला की चेन कुरकुरती." पैसे विचारले तर म्हणाले, "वर जाऊन या, मग बघू."

वाघबीळला रत्नागिरीचा रस्ता सोडला आणि पन्हाळ्याकडे वळले. चढ समोर दिसत होता. आधीच गिअर हलका केला. मी तेवीस वर्षं फळ्यावर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या नकाशातल्या रेषा, काढल्या होत्या. मुलांनो, रेषा जवळ-जवळ आल्या की उतार तीव्र, लांब-लांब असल्या की मंद. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न. त्या दिवशी रेषा जवळ आल्या की मला मांड्यांतून कळत होतं. एका वळणावर श्वास पुरेना, उतरले, चालत गेले. पुढे पुन्हा चढले. दुसऱ्यांदा उतरले तेव्हा रस्त्याकडेची दरड बघितली. खाली काळा बेसॉल्ट होता आणि वर जाता जाता तांबडा, भोकाभोकांचा जांभा दगड सुरू झाला. धड्यात दोन ओळींत सांगून टाकलेला जांभा! हात लावून बघितला, ओलसर होता. पुढच्या आठवड्यात वर्गात हाच धडा पुन्हा घेतला, आणि त्या तासाला मुलं घंटेनंतरही बसून राहिली.

साडेनऊच्या सुमारास गडावर पोचले. १६६० च्या जुलैत महाराज याच गडावरून रात्री, पावसात, विशाळगडाकडे निघाले. लहानपणापासून ऐकलेली कथा. पण घाम गाळून वर आल्यावर त्या दरीकडे बघणं वेगळं असतं. झुणका-भाकरी खाल्ली, वर ठेचा, मडक्यातलं दही. त्या भाकरीची चव मला अजून आठवते.

उतरताना मात्र मी घाबरले होते. दोन्ही ब्रेक आवळूनच पूर्ण घाट उतरले. मामांच्या दुकानाशी थांबले. थांबताना आधी पुढे आले, पायडलवर उभी राहिले, मग पाय टेकला, ते मामांनी बघितलं. काही बोलले नाहीत. चाकाच्या रिमला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. "तापलीय बघा किती! ब्रेक आवळून ठेवायचा न्हाई. दाबायचा, सोडायचा, दाबायचा, सोडायचा. वळणाच्या आधी दाबायचा, वळणात न्हाई." आणि मग विचारलं, "गुडघा?"

मी गप्प झाले. गुडघ्याची मला आठवणच राहिली नव्हती. केर्लीच्या पुढे मामांकडे थांबले त्यानंतर पन्हाळा चढून उतरले, आणि गुडघा दुखतो हे विसरून गेले होते. डोळ्यांत पाणी आलं. मामांनी नातीला चहा आणायला पाठवलं. पैसे शेवटपर्यंत घेतले नाहीत.

वेळ पुष्कळ झाला, आता बाकीचं भरभर सांगते.

वेग किती असावा? बोलता आलं पाहिजे, एवढा. शेजारणीशी एक पूर्ण वाक्य बोलता येतंय, पण गाणं म्हणता येत नाही, हा योग्य वेग. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसानं आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं मध्यम व्यायाम करावा. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस चालवली तरी दीडशे भरली. ज्यांना हृदयाचा किंवा गुडघ्याचा जुना त्रास आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

गिअर हलका ठेवा, पाय भरभर फिरू दे. जड गिअरवर जोर लावण्यात शौर्य नाही, त्यात गुडघ्यांवर ताण येतो. टायर अंगठ्यानं दाबून बघा, सहज दबला तर हवा भरा. हवा कमी असली की सायकल जड जाते आणि आपण दोष आपल्या वयाला देतो. मागे लाल दिवा लावा, अंधार असताना तर हवाच. आणि कानात गाण्याच्या नळ्या घालू नका, मागून ट्रॅक्टर येतोय हे कानांनाच कळतं.

आणखी एक. नव्या सायकली घंटीशिवाय, मडगार्डशिवाय, कॅरियरशिवाय विकायची रीत पडली आहे. मला ती मुळीच पटत नाही. पावसात पाठीवर चिखलाची रांग, भाजीची पिशवी हँडलला लोंबती आणि समोरच्याला सांगायला ओरडायचं! सायकल घेताना दुकानदाराकडून या तिन्ही गोष्टी बसवून घ्या. थोडे पैसे जास्त जातील, जाऊ द्या.

बायकांना मुद्दाम सांगते, वय आड येत नाही आणि कपडेही येत नाहीत. सलवारीची मोहरी चेनमध्ये जाऊ नये म्हणून रबर लावा, झालं. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीनं २०१८ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा केली. सुमारे एकोणतीस हजार किलोमीटर, कोलकात्याला पूर्ण केली. त्या बातमीचं कात्रण मी वर्गात नकाशाशेजारी लावलं होतं. मुली मधल्या सुट्टीत येऊन तिच्या वाटेवर बोट फिरवायच्या. आपल्याला तेवढं जायचं नाही. आपल्याला गावाबाहेरच्या पहिल्या उसाच्या फडापर्यंत जायचं आहे.

आता पाऊस आठवड्या-दोन आठवड्यांवर आला. भिजलेली सायकल तशीच उभी करू नका. चेन फडक्यानं पुसा, दोन थेंब तेल सोडा, पायडल उलटं फिरवा. पावसात ब्रेक उशिरा लागतो, म्हणून आधी दाबा. आणि सीट? टाच पायडलवर, पाय सरळ. सीटच्या नळीवर एक खूण कोरलेली असते, ती बाहेर दिसेल इतकी मात्र सीट वर ओढायची नाही.

आम्ही काही जणी दर रविवारी सकाळी सहाला रंकाळ्यावरून निघतो. केर्लीपर्यंत जातो, ज्यांना जमेल त्या पुढे. मामा आता नाहीत, दुकान त्यांची नात बघते, आणि ती अजूनही फेऱ्या मोजते. तुम्ही आलात तर सायकल कुठलीही चालेल, जुनी, नवी, मुलाची, भाड्याची. पाना माझ्या पिशवीत असतो.

नमस्कार.